जळोचीच्या गुरांचे डॉक्टर, तुम्ही

घड्याळ काढून खिशात ठेवा. उजवी बाही खांद्यापर्यंत सरकवा. बादलीतल्या कोमट पाण्यात साबणाने हात दंडापर्यंत धुवा आणि वरून गोडं तेल चोळा. साल आहे 1973. बारामतीजवळच्या जळोचीतल्या एका गोठ्यात कंदील टांगलाय. पहिलारू गाय दुपारपासून कळा देतेय, वासराचे पुढचे दोन्ही पाय बाहेर दिसतायत, पण डोकं काही येत नाही. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन तुम्ही या भागात रुजू झालात, आणि दवाखान्याच्या रजिस्टरपेक्षा असे गोठेच तुम्हाला जास्त शिकवताहेत.

दारात उभी असलेली म्हातारी म्हणते, "लेकरा, गाय तेवढी वाचीव. वासराचं मग बघू."

तिचं म्हणणं नीट ऐका. 1972 चा दुष्काळ नुकताच सरलाय. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या माणसांनी सुकडी खाऊन दिवस काढले, पण जनावरांना सुकडी कोण देणार? दावणीची जनावरं एकेक करून गेली. तुमच्यापुढे आडवी पडलेली ही गाय त्या घराची उरलेली सगळी ठेव आहे.

हात आत घाला. वासराची मान मागे, बरगडीकडे वळलीय. कळ आली की गर्भाशय तुमचा हात असा आवळतं की बोटं बधिर होतात. कळ ओसरली की वासराला छातीशी रेटून आत ढकलायचं, जागा करायची, खालच्या जबड्यात बोटं अडकवून डोकं पुढं आणायचं. मागे दोर धरून चार गडी ओढायला टपलेत. त्यांना थांबवणं हे तुमचं निम्मं काम. "आत्ता नाही. मी सांगेन तेव्हाच, आणि गाईला कळ येईल तेव्हाच." तासाभराने वासरू बाहेर येतं, जीभ सुजलेली, अंग लोळागोळा. नाकपुडीत गवताची काडी फिरवा, कडब्याच्या बोळ्याने छाती खसाखसा चोळा. ते शिंकतं. म्हातारी काही बोलत नाही, गाईच्या तोंडाशी गुळाचा खडा नेते.

गाय अडली याला कारण आहे. वासराचा बाप आहे कृत्रिम रेतनातला होल्स्टिन जातीचा वळू, तोही हजारो मैलांवरचा. गावठी गाईच्या पोटात विलायती बांध्याचं वासरू वाढलं. उरळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बाएफ ही संस्था उभी केली, गावठी गाईला संकरित वासरू व्हावं, ते जास्त दूध देणारं निघावं आणि ही सेवा शेतकऱ्याच्या दारात मिळावी म्हणून. गांधीजी 1946 साली त्याच गावात राहून गेले होते आणि मणिभाई त्यांचा शब्द धरून तिथेच थांबले. पुढे 1982 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इकडे बारामतीत आप्पासाहेब पवारांनी 1971 साली कृषी विकास प्रतिष्ठानची पायाभरणी केली. पुणे जिल्ह्यातला दुधाचा धंदा या माणसांच्या चिकाटीतून उभा राहिला, असं माझं ठाम मत आहे. पण त्या धंद्याचा पहिला ताण आला तो गावठी गाईच्या कमरेवर आणि तुमच्या दंडावर.

आता खूप मागे चला. 1877. तुमच्या हातात बॅग नाही, कारण पशुवैद्यक नावाचा माणूसच या मुलखात अजून नाही. पाऊस सलग बुडालाय. बैल गेला की औत गेलं, औत गेलं की कुणबी देशोधडीला लागला. आजारी जनावराला लोक लाल तापवलेल्या विळ्याने डाग देतात, झाडपाला कुटून पाजतात. त्यांना हसू नका. जखम धुणं, हाड बांधणं, अडलेलं वासरू फिरवणं यात हात बसलेली माणसं गावोगावी होती, आणि दुसरा आधार कुणालाच नव्हता. त्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचं काम झालं आणि 1885 च्या सुमारास पाणी वाहू लागलं. बारामतीच्या एका अंगाला ऊस आला, सुपे-मोरगावकडचा पट्टा जिरायत राहिला. पुढची सव्वाशे वर्षं तुम्हाला दोन वेगळ्या प्रकारची आजारी जनावरं बघावी लागणार आहेत ती यामुळे: एकीकडे चाऱ्यावाचून खंगलेली, दुसरीकडे चुकीचा चारा भरपूर खाऊन कोसळलेली.

परळला सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचा दवाखाना झाला, 2 ऑगस्ट 1886 रोजी तिथेच महाविद्यालय सुरू झालं, आणि 20 मे 1892 रोजी सरकारचा पशुवैद्यक विभाग. सुरुवातीला सरकारला काळजी होती लष्कराच्या घोड्यांची. कुणब्याच्या बैलाकडे नजर वळायला वेळ लागला.

1930 च्या दशकात थोडं थांबा, कारण इथे तुमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा शत्रू भेटतो. बुळकांडी. बैलाला सणकून ताप, डोळ्यांतून धार, तोंडात चट्टे, मग दुर्गंधीयुक्त हगवण, आणि आठ-दहा दिवसांत बैल आडवा. एका दावणीतून दुसऱ्या दावणीत, एका गावातून दुसऱ्या गावात. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी 1927 साली बोकडाच्या शरीरातून विषाणू काढत काढत तो मवाळ केला आणि लस बनवली. ती घेऊन तुम्ही वेशीपाशी पोचता तर निम्मी जनावरं ओढ्यात लपवलेली. का लपवू नयेत? लस टोचली की जनावराला ताप येतो आणि ऐन पेरणीत बैल दोन दिवस बसला तर ते नुकसान तुम्ही भरून देणार नाही. म्हणून तुम्ही आधी गावच्या पाटलाचा बैल टोचता, पारावर मुक्काम टाकता, तो बैल उभा राहिलेला गावाला दाखवता आणि मगच बाकीच्यांची रांग लागते. असं गावोगाव. 1954 साली देशव्यापी मोहीम सुरू झाली, 1995 नंतर भारतात बुळकांडीचा रुग्ण आढळला नाही आणि 2011 साली सगळ्या जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालवलेले रोग आजवर दोनच: देवी आणि बुळकांडी. देवीचा धडा शाळेत आहे. बुळकांडीचाही असला पाहिजे, कारण आपल्या आजोबा-पणजोबांचे बैल त्या लसीने वाचले.

पुढे या. 1981. राजदूत मोटारसायकलवर बसा. मागे द्रवरूप नत्राचं पात्र करकचून बांधलंय, आत उणे 196 अंशांवर गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी. घरचा कर्ता म्हणेल, "कालच माजावर आली डाक्टर." त्याचं ऐकून घ्या, पण आत जाऊन सुनेला विचारा. पहाटे धार काढणारी ती, शेण भरणारी ती, गाय हंबरली कधी, सोट कधी पडला, दुसऱ्या गाईवर उडाली कधी, हे तिलाच ठाऊक. दूध संघाच्या कागदावर नाव पुरुषाचं असतं. तुमच्या वहीत मात्र तिची वेळ लिहा. तुमची रेतनं जास्त लागतात ती त्यामुळे.

याच वर्षी जळोचीतून सांगावा येतो: "काल व्यालेली गाय मरायला टेकलीय." पोचल्यावर दिसतं, पंधरा लिटरची संकरित गाय खाली बसलीय, मान पोटाकडे वळवून, कान गार, डोळे निस्तेज. कुणी म्हणतं साप डसला, कुणी म्हणतं करणी. तुम्ही दावणीत बघा. उसाचे वाढे, वाढे आणि वाढेच. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात वाढ्यांइतकी स्वस्त वैरण नाही, पण त्यातलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगी लागणारं कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यात व्याल्याबरोबर चीक आणि दूध यांतून उरलंसुरलं कॅल्शियम बाहेर पडतं. हा दुधी ताप. नाव ताप असलं तरी अंग थंड पडतं.

कॅल्शियमची 450 मिलीची बाटली कोमट करा. मानेच्या शिरेत सुई घाला. आता घाई केलीत तर गाय तुमच्याच हाताने जाईल, कारण कॅल्शियम भरभर गेलं की हृदय थांबतं. एका हाताने बाटली धरा, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर ठेवा, ठोके मोजत राहा. पाव तास जातो. खांद्याची कातडी थरथरते. कोरड्या नाकपुडीवर दव धरतं. ती ढेकर देते, शेण टाकते, आणि मागचे पाय रोवून उठते. जमलेल्या माणसांना हा चमत्कार वाटतो. तुम्ही मात्र तो चमत्कार तिथेच मोडून सांगा: "पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण पिळायची नाही. वाढे कमी करा, कडबा आणि हिरवा चारा द्या, रोज खनिज मिश्रण." गाय उठवण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं बोलणं जास्त मोलाचं आहे. पुढच्या वेतात ती खाली बसण्याचा धोका त्याने कमी होतो.

मे महिन्याच्या शेवटी देवळापुढच्या पटांगणात घटसर्प आणि फऱ्याच्या लसीचं शिबिर. पाऊस पडायच्या आत सगळी जनावरं टोचून व्हायला हवीत. लाकडी खोडा उभा करा. पोरं जनावरं घेऊन येतात, मास्तर नावं लिहितात, डेअरीचा सचिव चहा सांगतो. दिवाळीनंतर कोकणाकडे निघणाऱ्या मेंढपाळांची वाट वेगळी. त्यांच्या वाड्यावर तुम्हालाच जावं लागतं, कारण आंत्रविषाराने एका रात्रीत दहा-वीस मेंढरं गेली तर त्या कुटुंबाचं वर्ष बुडतं.

1984 साली तुम्हाला ताप भरतो. संध्याकाळी चढतो, घामाने अंथरूण भिजतं, सकाळी उतरतो. सांधे ठणकतात. आधी टायफॉइडचं औषध, मग मलेरियाचं. काहीच लागू पडत नाही. अखेर एक डॉक्टर विचारतात, "तुम्ही काम काय करता?" तेव्हा तुम्हाला ती गाय आठवते, सातव्या महिन्यात गाभडलेली, अडकलेली वार तुम्ही उघड्या हाताने काढली होती. ब्रुसेला. सहा आठवडे औषधं, आणि पुढे वर्षानुवर्षं थंडीत कंबर धरणं. या पेशातली किती माणसं हे दुखणं अंगावर काढून नोकरी करत राहिली, त्याची मोजदाद झालेली नाही. गाभडलेली गाय हाताळणाऱ्या सुनेलाही तोच धोका असतो आणि तिला तर कुणी विचारतही नाही. कच्चं दूध पिणाऱ्या घरातल्या पोरालासुद्धा.

1997 कडे जाताना माळावरून चला. पूर्वी मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि काही वेळात सांगाडा साफ व्हायचा. आता जनावर तसंच पडून आहे. नव्वदच्या दशकात तुमच्या बॅगेत डायक्लोफिनॅक नावाचं स्वस्त, गुणकारी वेदनाशामक आलं. कासेची सूज असो, खांदा आलेला बैल असो, ताप असो, एक इंजेक्शन दिलं की जनावर चारा खायला लागायचं. त्यातलं एखादं दुसऱ्या दिवशी दगावलं तर ते औषध मांसात उरायचं, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे 2004 साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. 2006 साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. तुमच्या सिरिंजचा त्यात वाटा होता, तसा देशभरातल्या प्रत्येक सहकाऱ्याच्या सिरिंजचा होता. बंदी आल्यापासून तुम्ही मेलॉक्सिकॅम वापरता आणि औषधाच्या दुकानात जाऊन माणसांसाठीची बाटली गुरांना देऊ नका म्हणून भांडता.

गिधाडं गेली आणि त्या मांसावर कुत्री पोसली. ही साखळी दवाखान्यात बसून दिसत नाही, म्हणून 2005 च्या या गोठ्यात या. म्हैस लाळ गाळतेय, घोगऱ्या आवाजात रेकतेय, पाणी गिळवत नाही. घरचे म्हणतात, "घशात काहीतरी अडकलंय." त्यांच्यातल्या चौघांनी हात घालून पाहिलंय. तुम्ही हात घालू नका. विचारा: मागच्या दोन-तीन महिन्यांत कुत्रं चावलं होतं का? थोरला मुलगा मान हलवतो. म्हैस वाचणार नाही, तिच्यावर इलाज नाही. पण ज्यांनी ज्यांनी तोंडात हात घातला त्यांना त्याच दिवशी लस टोचून घ्यायला पाठवणं, जायला कुरकुर करणाऱ्या आजोबांना गाडीवर बसवून स्वतः नेणं, हे तुमच्या हातात आहे. त्या दिवशी गुरांच्या डॉक्टरने चार माणसं वाचवली, असं कुठल्याही नोंदीत येत नाही. म्हणून ते इथे लिहितोय.

2014. तुम्ही निवृत्त झालात, पण लोक येतातच. हद्दवाढ होऊन जळोची, रुई, तांदूळवाडी ही गावं बारामती नगरपरिषदेत गेली आहेत. एमआयडीसीत दुधावर प्रक्रिया करणारे मोठे प्रकल्प आहेत, शिक्षणसंस्था आहेत, चौपदरी रस्ते आहेत. शेताचे प्लॉट पडले, प्लॉटवर इमारती आल्या. तुमच्या घरच्या ओट्यावर सकाळी एका बाजूला शेळी घेऊन आलेली बाई, दुसऱ्या बाजूला लॅब्रॅडोर घेऊन आलेला अभियंता. त्याच्या पिल्लाला पार्व्हो झालाय, रक्ताची हगवण आहे. सलाइन लावता लावता तुम्ही त्याला रेबीजच्या लसीची तारीख कागदावर लिहून देता. दोघंही आपापल्या जीवासाठीच आलेत, तुम्ही दोघांना सारखाच वेळ देता.

वाद वेगळाच आहे. नव्या इमारतीतले लोक शेणाच्या वासाची तक्रार करतात. गोठा तिथे चाळीस वर्षांपासून आहे, इमारत दोन वर्षांची. तुम्ही मध्ये पडता. शेण रोज उचललं जाईल, मूत्र गटारात न सोडता खड्ड्यात जाईल, माश्यांसाठी फवारणी होईल, असं गोठेवाल्यांकडून ठरवून घेता. सोसायटीच्या लोकांना त्याच गोठ्यातलं दूध तापवून पाजता. दोन गोठेवाले ऐकतात, तिसरा गाई विकून टाकतो. आपल्या शहरांच्या आराखड्यात पार्किंगला जागा असते, बागेला असते, ती असावीच. पण जिथल्या दुधावर ते शहर वाढलं त्या गोठ्याला, जनावर बांधायच्या खोड्याला, मेलेलं जनावर नीट पुरायच्या जागेला आराखड्यात क्वचितच चौकट मिळते. गाव शहरात घेताना गावची जनावरंही शहरात आली, हे नियोजन करणाऱ्यांनी मान्य केलं पाहिजे.

2022 चा सप्टेंबर. तुम्ही त्र्याहत्तर वर्षांचे. गाईच्या अंगभर गाठी, पाय सुजलेले, लम्पी त्वचारोग. राज्यभरचे गुरांचे बाजार बंद. डास, माश्या, गोचिडांमधून हा रोग पसरतो. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची असं ठरलंय आणि माणसं कमी पडताहेत. तुम्ही पुन्हा बॅग उचलता. प्रत्येक जनावराला नवी सुई, प्रत्येक गोठ्याबाहेर बूट जंतुनाशकात. शहरात अफवा उठलीय की दुधातून माणसाला लम्पी होतो, आणि दूध घेणारे कमी झालेत. तुम्ही दूध संकलन केंद्रावर उभे राहून सांगता: हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून प्या. ज्यांची गाय गेली त्यांचा पंचनामा वेळेत व्हावा म्हणून तुम्ही अर्ज लिहून देता. मदत दुभत्या गाईमागे 30,000 रुपये, बैलामागे 25,000, वासरामागे 16,000. मोकळ्या दावणीपुढे ही रक्कम तोकडी आहे, पण पंचनाम्यावाचून तीही मिळत नाही.

आणि आता आज. बॅग खाली ठेवा, तुम्ही पुन्हा तुम्ही आहात. जळोचीत राहत असाल, बारामतीत किंवा कुठल्याही वाढत्या गावात, तर चार कामं करा. गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे का पाहा. 1 जून 2024 पासून त्याच्याशिवाय राज्यात जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि लसीची नोंदही त्याच अंकावर होते. दाराशी डॉक्टर हवा असेल तर 1962 हा क्रमांक फिरवा, माहीत नसलेल्या माणसाला सुई टोचू देऊ नका. कुत्रं पाळलं असेल तर रेबीजची लस दरवर्षी. आणि गोठ्यात चार ते आठ महिन्यांची कालवड असेल तर तिला ब्रुसेलाची लस याच महिन्यात टोचून घ्या. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते, सरकारी मोहिमेत फुकट मिळते, आणि तुमच्या गाईबरोबर तुमच्या घरातल्या माणसांना व तिला हात लावणाऱ्या डॉक्टरलाही वाचवते.